अॅड्रिनल व्हेन सॅम्पलिंग: तयारीपासून आकडे वाचण्यापर्यंत

उच्च रक्तदाबाच्या रुग्णांपैकी साधारण ५ ते १० टक्के लोकांच्या दाबाचं मूळ अॅड्रिनल ग्रंथीत असतं. या ग्रंथी दोन, प्रत्येक मूत्रपिंडाच्या वर एक. त्यांतून अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक गरजेपेक्षा जास्त पाझरू लागलं की शरीर मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम लघवीवाटे जातं आणि दाब चढतो. या आजाराला प्रायमरी अल्डोस्टेरॉनिझम म्हणतात. जेरोम कॉन यांनी १९५५ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं, म्हणून त्याला कॉन सिंड्रोम असंही नाव आहे. तीन-तीन गोळ्या घेऊनही दाब न उतरणाऱ्यांत त्याचं प्रमाण आणखी जास्त, २० टक्क्यांच्या आसपास सापडतं.

निदान रक्ताच्या तपासणीने होतं: अल्डोस्टेरॉन जास्त, रेनिन (मूत्रपिंडातून येणारा, अल्डोस्टेरॉन बनवायला चालना देणारा पदार्थ) दबलेलं. पण त्यानंतरचा प्रश्न रक्ताच्या साध्या तपासणीने सुटत नाही. दोष एका ग्रंथीत आहे की दोन्हींत? एकीत असेल तर ती ग्रंथी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढता येते. दोन्हींत असेल तर शस्त्रक्रियेचा उपयोग नाही, आयुष्यभर गोळ्या. हे ठरवण्यासाठी दोन्ही ग्रंथींच्या शिरांतून थेट रक्त घेऊन मोजायचं, म्हणजेच अॅड्रिनल व्हेन सॅम्पलिंग, थोडक्यात एव्हीएस.

या तपासणीत माणसाला होणारी इजा क्वचितच मोठी असते. खरा धोका असतो चुकीच्या नमुन्यावर विश्वास ठेवून चुकीची ग्रंथी काढण्याचा. म्हणून पुढे जे लिहिलंय त्यातला बराचसा भाग सुईबद्दल नाही, तर नमुना खरा कसा ठरतो याबद्दल आहे.

आधी ठरवा: करायची आहे का?

पहिला प्रश्न रुग्णाला विचारायचा: एका बाजूचा दोष निघाला तर शस्त्रक्रिया करून घ्याल का? उत्तर ठाम 'नाही' असेल, किंवा हृदय-फुप्फुसांच्या स्थितीमुळे भूल देणंच धोक्याचं असेल, तर एव्हीएस करण्यात अर्थ नाही. गोळ्या सुरू करा. हा प्रश्न विचारायचा राहून गेला की सगळी यातायात होते, रिपोर्ट येतो आणि फायलीत पडून राहतो.

दुसरा प्रश्न: सीटीत एका बाजूला गाठ दिसतेय, मग हे कशाला? कारण वयाबरोबर अॅड्रिनलमध्ये कामाच्या नसलेल्या निरुपद्रवी गाठी होतात, आणि अल्डोस्टेरॉन बनवणाऱ्या गाठी कधीकधी इतक्या बारीक असतात की सीटीत दिसतच नाहीत. २००९ साली ९५० रुग्णांची माहिती एकत्र करून केलेल्या आढाव्यात सीटी-एमआरआय आणि एव्हीएस यांचा निकाल सुमारे ३८ टक्के रुग्णांत जुळला नव्हता. दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पार्टाकस चाचणीत सीटीवरून उपचार ठरवलेले आणि एव्हीएसवरून ठरवलेले रुग्ण यांना वर्षानंतर लागणाऱ्या दाबाच्या गोळ्यांत लक्षणीय फरक आढळला नाही. माझं मत असं की गोळ्यांची संख्या हे एकच माप धरून ग्रंथी काढण्याचा निर्णय घेऊ नये. काढलेली ग्रंथी परत बसवता येत नाही. एंडोक्राइन सोसायटीच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनाही शस्त्रक्रियेचा विचार असेल तर सीटी आणि एव्हीएस दोन्ही सुचवतात.

एक अपवाद मान्य आहे. वय ३५ च्या आत, पोटॅशियम आपोआप कमी, अल्डोस्टेरॉन खूप जास्त आणि सीटीत एकाच बाजूला १ सेंटिमीटरपेक्षा मोठी स्पष्ट गाठ, दुसरी ग्रंथी स्वच्छ, असं सगळं एकत्र जुळलं तर बरेच तज्ज्ञ एव्हीएसशिवाय शस्त्रक्रियेला जातात. गरोदरपणात मात्र ही तपासणी करत नाहीत.

आधीचे सहा आठवडे

सगळ्यात आधी औषधं. स्पायरोनोलॅक्टोन आणि एप्लेरेनोन अल्डोस्टेरॉनचा मार्ग अडवतात. त्यामुळे रेनिन वर येतं, आणि वर आलेलं रेनिन निरोगी बाजूच्या ग्रंथीलाही कामाला लावतं. मग दोन्ही बाजू सारख्या दिसू लागतात. म्हणून ही औषधं साधारण ४ ते ६ आठवडे आधी थांबवतात. अमिलोराइडचा डोस मोठा असेल तर त्याचाही विचार करावा लागतो. त्याऐवजी तेवढ्या काळापुरतं व्हेरापामिल, डॉक्साझोसिन, हायड्रालाझिन अशी औषधं देतात, कारण त्यांचा या संप्रेरकांवर फारसा परिणाम होत नाही.

हे बदल घरच्या घरी करायचे नाहीत. ज्यांचं पोटॅशियम खूप खाली जातं किंवा दाब धोकादायक चढतो त्यांची स्पायरोनोलॅक्टोन थांबवणं परवडत नाही. अशा वेळी रेनिन तपासायचं. औषध चालू असूनही ते दबलेलंच असेल तर निरोगी ग्रंथी जागी झालेली नाही, आणि तपासणी तशीच करता येते. औषधं बदललेल्या काळात घरी सकाळ-संध्याकाळ दाब मोजून लिहून ठेवा. छातीत दुखणं, दम लागणं, दिसण्यात फरक, एका बाजूला अशक्तपणा यांपैकी काही झालं तर तपासणीची तारीख बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठा.

मग पोटॅशियम. ते कमी असेल तर ग्रंथी अल्डोस्टेरॉन कमी बनवते, आणि दोषी बाजूचा फरक पुसट होतो. तपासणीच्या आधी ते ४ च्या आसपास आणायचं, आणि शेवटच्या एक-दोन दिवसांत पुन्हा मोजायचं. नुसत्या गोळ्या लिहून देऊन भागत नाही. रक्तदाब आहे म्हणून मीठ अगदी बंद केलेले रुग्ण भेटतात. तपासणीच्या आधी तसं करू नये, कारण मीठ तोडल्याने रेनिन वाढतं. ज्येष्ठमध आणि ज्येष्ठमध असलेले काढे-गोळ्याही बंद ठेवायच्या, कारण ते अल्डोस्टेरॉनची नक्कल करून पोटॅशियम उतरवतात.

सीटीत गाठ असेल तर दोन गोष्टी आधीच निकालात काढाव्या लागतात. पहिली फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे अॅड्रेनालिनसारखी संप्रेरकं ओतणारी गाठ: त्यासाठी मेटॅनेफ्रिनची (त्या संप्रेरकांपासून बनणाऱ्या पदार्थांची) तपासणी. दुसरी, गाठ अल्डोस्टेरॉनबरोबर कॉर्टिसॉल हे अॅड्रिनलचं दुसरं संप्रेरकही बनवतेय का. रात्री १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन देऊन सकाळचं कॉर्टिसॉल मोजलं की ते कळतं. ही दुसरी गोष्ट एव्हीएससाठी फार मोलाची आहे, कारण पुढचा सगळा हिशेब कॉर्टिसॉलवर उभा आहे. गाठच कॉर्टिसॉल ओतत असेल तर त्या बाजूचं गुणोत्तर खोटं कमी दिसतं. अशा रुग्णांत कॉर्टिसॉलऐवजी मेटॅनेफ्रिन वापरून हिशेब करता येतो, पण त्यासाठी नमुने तसे घ्यावे लागतात, म्हणजे आधी माहीत हवं.

डॉक्टरांना सांगायच्या गोष्टींत तीन नावं विसरू नका: रक्त पातळ करणारी औषधं, कॉन्ट्रास्ट डायची (क्ष-किरणांत शिरा दिसाव्यात म्हणून सोडतात त्या द्रव्याची) अॅलर्जी आणि कुठलंही स्टेरॉइड. दम्याचा पंप, सांध्यात घेतलेलं इंजेक्शन, त्वचेचं मलम, सगळं सांगा. अॅलर्जीसाठी नेहमी दिलं जाणारं प्रेडनिसोलोन इथे गोंधळ करतं: ते ग्रंथीचं स्वतःचं कॉर्टिसॉल दाबतं आणि काही चाचण्यांत कॉर्टिसॉल म्हणून मोजलंही जातं. त्यामुळे डायची अॅलर्जी असलेल्यांची तयारी एंडोक्रायनॉलॉजिस्ट आणि रेडिओलॉजिस्ट यांनी मिळून ठरवायची असते.

लॅबशी आदल्या दिवशी बोला

हा भाग रुग्णासाठी कमी आणि टीमसाठी जास्त आहे, तरी वाचून ठेवा.

अॅड्रिनल शिरेतल्या रक्तात कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉन दंडातल्या रक्ताच्या कित्येक पट असतं. लॅबच्या मशीनला वरची मर्यादा असते. नमुना पातळ करून पुन्हा लावला नाही तर रिपोर्टवर 'अमुकपेक्षा जास्त' एवढंच छापून येतं. अशा आकड्याने भागाकार करता येत नाही, आणि रुग्णाची सगळी मेहनत वाया जाते. म्हणून लॅबला आधीच कळवायचं: हे अॅड्रिनल शिरेचे नमुने आहेत, डायल्यूशन करून नेमका आकडा हवा.

नळ्यांवरची लेबलं केस सुरू होण्याआधी लावून ठेवायची. बाजू अक्षरी लिहायची, 'उजवी अॅड्रिनल', 'डावी अॅड्रिनल', 'परिघीय' (म्हणजे अॅड्रिनलपासून दूरच्या साध्या शिरेतलं रक्त), आणि वेळेचा रकाना मोकळा ठेवायचा. नमुना हातात आला की एकाने मोठ्याने बाजू म्हणायची, दुसऱ्याने लेबल वाचून हो म्हणायचं, आणि मगच वेळ भरायची. उजवी-डावीची अदलाबदल ही या तपासणीतली सगळ्यात स्वस्तात टाळता येणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

टेबलावर

तपासणी शक्यतो सकाळी करतात, रुग्ण काही वेळ आडवा पडून राहिल्यानंतर. पूर्ण भूल लागत नाही. जांघेत जागा बधिर करून सोनोग्राफीखाली फेमोरल शिरेत सुई जाते, तिच्यावरून शीथ नावाची बारीक पोकळ नळी, आणि शीथमधून कॅथेटर, म्हणजे नमुना घेणारी लांब लवचीक नळी. बहुतेकांना बधिर करतानाची टोचणी आणि मग नुसता दाब जाणवतो.

नमुने घेण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत ग्रंथीला चालना देणारं कृत्रिम एसीटीएच देतात: एकतर अर्धा तास आधीपासून ताशी ५० मायक्रोग्रॅमचं सलग इन्फ्युजन, नाहीतर २५० मायक्रोग्रॅमचा एकच डोस. दुसरीत काहीच देत नाहीत. विना-चालना पद्धतीत दोन्ही शिरांतून एकाच वेळी नमुने घेणं बरं, कारण एका बाजूचा नमुना घेऊन दुसरीकडे जाईपर्यंत भीतीने किंवा दुखल्याने कॉर्टिसॉलची एक लाट येऊन गेली तर दोन्ही बाजूंची तुलनाच बिघडते. चालना दिली की ही चढउतार दबते आणि शिरेत शिरल्याची खूणही ठळक होते. काही रुग्णांत मात्र चालनेमुळे दोन बाजूंमधला फरक कमी होतो. दोन्ही पद्धती चालतात. केंद्राने एक धरावी आणि तिचेच निकष वापरावेत.

डावी शीर सहसा सोपी. ती वरून खाली येऊन डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला मिळते, आणि मिळण्याआधी श्वासपटलाकडून येणारी एक शीर तिच्यात सामील होते. त्या सामाईक खोडातून नमुना घेतला तरी चालतं. रक्त पातळ होतं, पण अल्डोस्टेरॉनला कॉर्टिसॉलने भागल्यावर ते पातळपण हिशेबातून निघून जातं.

उजवीकडे खरी कसोटी. उजवी अॅड्रिनल शीर जेमतेम काही मिलिमीटर लांबीची असते आणि थेट इन्फीरिअर व्हेना काव्हाच्या (पोटातून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेच्या) मागच्या भिंतीत उघडते. कॅथेटरचं टोक मागे आणि किंचित उजवीकडे वळवून, छातीच्या अकराव्या-बाराव्या मणक्याच्या उंचीवर, भिंतीवरून मिलिमीटर-मिलिमीटर सरकवत नेतात. टोक अडकल्यासारखं वाटलं की हाताने अगदी थोडा डाय, अर्धा-एक मिलिलिटर, हळूच सोडायचा. मशीनने दाबून डाय सोडायचा नाही. पडद्यावर ग्रंथीतल्या बारीक शिरांचं नाजूक जाळं दिसलं तर आनंद. पण यकृताच्या छोट्या शिरा त्याच परिसरात उघडतात आणि दिसायला फसव्या असतात. आधी केलेल्या सीटीत उजवी शीर नेमकी कुठे उघडते हे शोधून ठेवलं असेल तर निम्मं काम झालेलं असतं. टेबलावरच कोन-बीम सीटी करता आला तर आणखी उत्तम.

शिरेत टोक घट्ट बसलं की रक्त येतच नाही. जोर लावून ओढलं तर शिरेची भिंत टोकावर चिकटते, रक्त फुटतं आणि शीरही दुखावते. थोडं मागे घ्यायचं, वाट बघायची, थेंब-थेंब पडू द्यायचं. टोकाजवळ बाजूला छिद्र असलेलं कॅथेटर इथे उपयोगी पडतं. प्रत्येक बाजूच्या नमुन्याबरोबर परिघीय नमुना घ्यायला विसरायचं नाही, कारण तुलना त्याच्याशीच असते.

जुन्या ४७ अहवालांतल्या ३८४ रुग्णांत उजव्या शिरेत यशस्वीपणे शिरण्याचं प्रमाण ७४ टक्के होतं. सराव झालेल्या हातांत ते ९० च्या वर जातं. म्हणून केंद्र निवडताना मी इमारत किंवा मशीन विचारणार नाही. विचारेन: ही तपासणी कोण करतं, वर्षाला किती करतं, आणि उजवा नमुना किती वेळा खरा निघतो? केसेस पाच-सहा डॉक्टरांत विखुरण्यापेक्षा एक-दोघांनीच कराव्यात. जिथे टेबलाशेजारी कॉर्टिसॉल लगेच मोजायची सोय असते तिथे नमुना चुकला तर तिथल्या तिथे पुन्हा घेता येतो.

काय बिघडू शकतं

जांघेत रक्ताची गाठ किंवा काळंनिळं होणं, डायची रिअॅक्शन, मूत्रपिंडावर डायचा ताण (डाय थोडाच लागतो, त्यामुळे हे कमी), क्वचित शिरेत गुठळी. खास या तपासणीची गुंतागुंत म्हणजे अॅड्रिनल शीर फाटून ग्रंथीत रक्तस्राव. २० केंद्रांतल्या २६०४ तपासण्यांचा आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हे प्रमाण ०.६१ टक्के होतं. डाय सोडताना क्षणभर पाठीत कळ येऊन गेली तर काळजी नाही. पण कळ थांबली नाही, तासागणिक वाढत गेली, बरगडीखाली कुशीत किंवा पाठीत बसून राहिली, तर सीटी करून बघावं लागतं. बहुतेक वेळा वेदनाशामक आणि देखरेख एवढ्यावर भागतं.

नंतर सुईच्या जागी दाब देऊन काही तास पाय सरळ ठेवून झोपवतात. बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात. घरी गेल्यावर कुशीतलं वाढतं दुखणं, ताप, जांघेतली वाढती सूज, पाय सुजणं यांसाठी लगेच परत यायचं. सतत उलट्या, चक्कर, उभं राहिल्यावर दाब कोसळणं ही दोन्ही ग्रंथींना इजा झाल्याची लक्षणं असू शकतात. हे अतिशय दुर्मीळ आहे, पण तेव्हा 'सकाळी बघू' म्हणायचं नाही.

आकडे वाचताना

क्रम महत्त्वाचा. आधी नमुना खरा का हे बघायचं, मग बाजू.

पहिला भागाकार: शिरेतलं कॉर्टिसॉल भागिले परिघातलं कॉर्टिसॉल. हा सिलेक्टिव्हिटी इंडेक्स. चालना दिली असेल तर तो निदान ५ असावा (काही केंद्रं ३ धरतात), दिली नसेल तर निदान २. दोन्ही बाजूंना तो जमला तरच पुढे.

दुसरा: प्रत्येक ठिकाणचं अल्डोस्टेरॉन भागिले कॉर्टिसॉल. मोठं गुणोत्तर भागिले लहान गुणोत्तर म्हणजे लॅटरलायझेशन इंडेक्स. चालना दिलेली असताना ४ किंवा जास्त म्हणजे एका बाजूचा दोष, ३ च्या खाली म्हणजे दोन्ही बाजूंचा, आणि मधला पट्टा संशयाचा.

समजण्यासाठी आकडे मनाचे घेऊ, चालना दिलेली. परिघात कॉर्टिसॉल २५, अल्डोस्टेरॉन ३०, गुणोत्तर १.२. उजवीकडे ७०० आणि ६३००, गुणोत्तर ९. डावीकडे ५०० आणि ४००, गुणोत्तर ०.८. सिलेक्टिव्हिटी उजवीकडे २८, डावीकडे २०, म्हणजे दोन्ही नमुने खरे. ९ भागिले ०.८ म्हणजे ११ च्या वर. शिवाय डावीचं ०.८ हे परिघाच्या १.२ पेक्षाही कमी, म्हणजे डावी ग्रंथी दबून गप्प बसली आहे. दोष उजवीकडे, यात शंका नाही.

आता दुसरा रुग्ण. परिघ तोच. डावीकडे कॉर्टिसॉल ६००, अल्डोस्टेरॉन ३०००, गुणोत्तर ५. उजवीकडे कॉर्टिसॉल ३२, अल्डोस्टेरॉन ४०, गुणोत्तर १.२५. पाच भागिले सव्वा म्हणजे बरोबर ४. घाईत वाचणारा म्हणेल डावी ग्रंथी काढा. पण उजवीकडची सिलेक्टिव्हिटी बघा: ३२ भागिले २५, म्हणजे १.२८. कॅथेटर उजव्या शिरेत नव्हतंच. १.२५ हे गुणोत्तर परिघासारखंच आहे, कारण ते रक्त व्हेना काव्हातलं आहे. उजव्या ग्रंथीचं खरं गुणोत्तर कदाचित ५ च असेल, आणि मग आजार दोन्ही बाजूंचा. या रिपोर्टवर 'उजवा नमुना अयशस्वी' असंच लिहायला हवं. तपासणी पुन्हा करायची, किंवा गोळ्यांवर राहायचं. डाव्या बाजूची ग्रंथी दबलेली दिसली तर उलट तर्काने उजवीकडे बोट दाखवणारे निकष आहेत, पण ते तज्ज्ञांच्या बैठकीत वापरायचे, एकट्याने नाही.

रुग्णाने रिपोर्ट घेताना नुसता निष्कर्ष घेऊ नये. तिन्ही ठिकाणचे कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉनचे मूळ आकडे, चालना दिली होती की नाही, आणि वेळा, एवढं मागून घ्या. दुसरं मत घ्यायचं झालं तर त्याशिवाय कोणी काही सांगू शकत नाही.

त्यानंतर

एका बाजूचा दोष निघाला की ती ग्रंथी दुर्बिणीने काढतात. अपेक्षा आधीच स्पष्ट असावी. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पासो अभ्यासात ९४ टक्के रुग्णांचं अल्डोस्टेरॉन आणि पोटॅशियम पूर्ण सुधारलं, पण दाब सगळ्या गोळ्या सुटून पूर्ण नॉर्मल झालेले ३७ टक्के होते. आणखी ४७ टक्क्यांचा दाब किंवा गोळ्या कमी झाल्या. दाब जितकी जास्त वर्षं, तितकी पूर्ण सुटका कठीण. शस्त्रक्रियेनंतर लगेच पोटॅशियमच्या गोळ्या आणि स्पायरोनोलॅक्टोन बंद करतात. उरलेली ग्रंथी जागी व्हायला वेळ लागतो आणि त्या काळात पोटॅशियम उलट वर जाऊ शकतं. म्हणून पहिल्या महिन्यात ते दर आठवड्याला मोजायचं.

दोन्ही बाजूंचा दोष असेल तर स्पायरोनोलॅक्टोन साधारण १२.५ ते २५ मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवतात. नुसता दाब उतरला म्हणून डोस पुरेसा समजू नका. दबलेलं रेनिन वर यायला हवं, ती औषध पुरल्याची खूण. पुरुषांना छाती दुखू-भरू लागली तर औषध गुपचूप सोडून देतात. तसं न करता सांगा, एप्लेरेनोनवर जाता येतं. पोटॅशियम आणि क्रिएटिनिन सुरुवातीला आणि प्रत्येक डोसवाढीनंतर तपासायचं, विशेषतः मूत्रपिंड आधीच कमजोर असतील तर.